बाळाचं पूर्ण नाव सांगा

सकाळचे दहा वाजून वीस मिनिटं. वेळ पक्की सांगते, कारण पुढे ती वहीत लिहिली गेली, माझ्यासमोर. पण मला आधी हे सांगा, एका माणसाने दुसऱ्या माणसाला एकच गोष्ट विचारायची तरी किती वेळा? दोन वेळा, तीन वेळा, समजू शकते मी. पण आमच्या त्या सिस्टर... आठ वाजता कामावर आल्या, ताप मोजायला काचेची नळी हातात, "बाळाचं पूर्ण नाव सांगा." सांगितलं. साडेआठला औषधाचा चमचा, "बाळाचं पूर्ण नाव सांगा." म्हटलं, अहो आत्ताच तर सांगितलं. तर म्हणतात कशा, "आता काम वेगळं आहे." काम वेगळं आहे, मुलगी तर तीच आहे ना?

मुलगी म्हणजे आमची बबडी, चौदा महिन्यांची. आदल्या दिवशी ताप डोक्यात गेला आणि तिने डोळे असे फिरवले की मी चपला न घालता दवाखान्यात पळाले. तुम्हाला सांगते, दिवसभर पाण्याचा घोट घशाखाली उतरला नव्हता, आणि त्यात ही बाई मला नाव विचारतेय. नऊला परत. मी नुसतंच "बबडी" म्हटलं. "पूर्ण नाव, ताई." सातवी झालेय मी, मुलीचं नाव पाठ आहे मला, पण मला वाटायला लागलं की हीच विसरते की काय. सासूबाई हळूच म्हणाल्या, "नवीन असेल गं बिचारी." नवीन कसली, वॉर्डातल्या सगळ्यात जुन्या निघाल्या.

तर दहा वीस. आमची खाट पंख्याखाली, आणि तो पंखा असा कुरकुरायचा की बबडीचा डोळा लागला रे लागला की दचकून उठायची. खिडकीजवळच्या खाटेवर एक शिवणकाम करणारी ताई, तिचा गोट्या, त्याच्या डोळ्यावर ऊन. ती म्हणाली, बदलू या का? म्हटलं, बदलू या की. त्यात काय विचारायचं कोणाला, सिस्टर तिकडे टोकाला गुंतलेल्या. पोरं उचलली, उशा उचलल्या, दुपटी, बाटल्या, खुळखुळे, अगदी खाटेखालच्या चपलासुद्धा इकडच्या तिकडे केल्या. दोन मिनिटांत काम फत्ते. मला तर फार हुशारी वाटली माझी.

राहिलं एवढंच... खाटेच्या पायथ्याला अडकवलेली फाईल. आणि दुसरं म्हणजे मनगटावरची नावाची पट्टी. ती बबडी सारखी चघळायची, म्हणून मी सकाळीच काढली होती, आणि हरवू नये म्हणून मोठ्या काळजीने खाटेच्या गजाला बांधून ठेवली होती. गज तिकडेच राहिला.

अकराला सिस्टर खिडकीजवळ आल्या. हातात ट्रे, ट्रेमध्ये इंजेक्शन. आणि काय विचारलं असेल? "बाळाचं पूर्ण नाव सांगा."

माझं डोकंच फिरलं. म्हटलं, आता नाही सांगणार, फायलीत आहे, वाचा.

"फाईल मी वाचली, ताई. मला तुमच्या तोंडून हवंय."

सासूबाई मध्ये पडल्या, "टोचा हो टोचा, मी आजी आहे तिची, मी सांगते ना."

"आजी, आईला बोलू द्या. नाव नाही, तर इंजेक्शन नाही." आणि ट्रे घेऊन उभ्याच. रागावल्या नाहीत की गेल्या नाहीत, जशी काही बसची वाट बघतायत.

मग मी एका दमात, वॉर्डाला ऐकू जाईल असं, बबडीचं नाव, बापाचं नाव, आडनाव, सगळं म्हटलं. सिस्टरनी फायलीकडे बघितलं. माझ्याकडे बघितलं. ट्रे खाली ठेवला.

"पट्टी कुठे आहे?"

मी पंख्याखालच्या खाटेकडे बोट केलं. तिथे गोट्या पट्टीशी खेळत होता.

"काल तुम्ही कुठल्या औषधाचं सांगितलं होतं? चट्टे उठतात ते?"

मी नाव घेतलं. मागच्या खेपेला त्याच औषधाने पोरीचा श्वास अडकला होता, ओठ सुजले होते. आमच्या फायलीवर लाल अक्षरात लिहिलंय ते. पण ती फाईल गोट्याच्या पायाशी. आणि गोट्याच्या फायलीप्रमाणे त्या सिरिंजमध्ये... तेच होतं.

सिस्टरनी आधी पट्टी आणून बबडीच्या पायाला बांधली, फायली बदलल्या, गोट्याच्या आईकडूनही नाव वदवून घेतलं, मग मला पाणी दिलं. मी हात धरला त्यांचा. म्हटलं, सिस्टर, कोणाला सांगू नका हो, आमचे हे मला घराबाहेर काढतील. सासूबाईही म्हणाल्या, "झालं तर काहीच नाही ना?"

"झालं नाही म्हणूनच लिहायचं, आजी. झाल्यावर लिहून काय उपयोग?"

डॉक्टरांना बोलावून सगळं सांगितलं, मग वही काढली. मला वाटलं, आता माझी बदनामी. तर लिहिलेलं मला वाचून दाखवलं: दहा वीसला दोन्ही आयांनी खाटा बदलल्या, अकरापर्यंत माझ्या लक्षात आलं नाही. माझ्या, म्हणजे त्यांच्या. मी म्हटलं, अहो, चूक तर माझी. म्हणाल्या, "तुम्हाला पट्टी कशाला असते हे कोणी समजावलं नव्हतं. ते माझं काम. आणि नाव विचारते म्हणून रागावू नका, चेहरा ओळखीचा झाला की माणूस हमखास चुकतो."

तिसऱ्या दिवशी बबडी घरी आली. निघताना सिस्टर कागद द्यायला आल्या, तर त्यांनी तोंड उघडायच्या आत मीच पूर्ण नाव सांगून मोकळी झाले. पहिल्यांदा हसल्या.

आता घरी आमचे हे औषधाचा चमचा घेऊन येतात, मी हात आडवा धरते. बाळाचं पूर्ण नाव सांगा.

"अगं, माझीच मुलगी आहे."

ते मला माहीत आहे. तुमच्या तोंडून हवंय.

तर एवढं चार आयांच्या कानावर घाला: खाट बदलू नका, पट्टी काढू नका, आणि विसाव्यांदा नाव विचारलं तर एकविसाव्यांदा सांगायची तयारी ठेवा. तेच तेच सांगून तुम्ही कंटाळाल, ऐकणाऱ्या चिडतील. चिडू देत. मीही चिडले होतेच की.