शनिवारचा उकाडा

"फार उकडतंय" असं कुणी म्हणालं ना, की मी आधी उठून पंखा लावतो. नव्वदच्या दशकात मी एक सेमिस्टर बहरीनला शिकायला होतो, राजधानी मनामात एका ज्यू म्हातारीच्या घरी भाड्याने. दर शनिवारी दुपारी हिब्रू प्रार्थनेचं पुस्तक मिटून ती म्हणायची, "बेटा, आज बहुत गरमी है."

"हां आंटी, बहुत," म्हणून मी माझ्या खोलीत एसी लावून झोपायचो. ती बाहेरच्या खोलीत बंद पंख्याखाली पुठ्ठ्याने वारा घेत बसायची.

परतल्यावर अलिबागला आमच्या शेजारच्या बेने इस्रायली ज्यू सॅमसनकाकांना हे सांगितलं. ते म्हणाले, "अरे, शनिवारी आमचा शब्बाथ, विश्रांतीचा दिवस. विजेच्या बटणाला हात लावत नाही. दुसऱ्याला लाव म्हणूनही सांगत नाही. नुसतं सुचवायचं असतं."

चार महिने ती सुचवत होती, आणि मी होला हो लावत होतो.