डावा पाच, उजवा साडेसहा

— आणि तो लॅपटॉप आधी चामड्यावरून उचला, चरे पडतात. तासभर काय ऐकवताय साहेब तुम्ही? ऑनलाइन दुकानाला हा प्लॅटफॉर्म स्वस्त, तो सोपा, ह्याच्यावर दुकानाचा रंग निवडता येतो. रंग काय चाटायचाय मला? चाळीस वर्षं जोडे शिवतोय, मला एकच विचारायचंय — डाव्या पायाचं माप वेगळं, उजव्याचं वेगळं, असं गिऱ्हाइकाला टाकता येतं का? त्या मोठ्या बाजारवाल्यांकडे नाही ना येत? वाटलंच. त्यांच्याकडे जोडी म्हणजे दोन्ही पाय सारखे — देवाला नाही जमलं ते ह्यांना जमलंय.

कुणाला लागतं म्हणजे? असतात लोक. किती, ते तुम्हाला कशाला — बरं, एक. एकच आहे. हसू नका. मुलगी माझी. डावा पाच, उजवा साडेसहा, जन्मापासून. पहिलं पाऊल टाकलं तेव्हापासून तिचे जोडे मीच केले, डाव्याला आतून अशी भर घालायचो की बघणाऱ्याला पत्ता लागायचा नाही. सात वर्षं झाली तिला जाऊन. कुठल्या गावात आहे, देव जाणे. का म्हणजे काय — लांब नोकरी लागली, मी म्हटलं जायचं नाही, ती म्हणाली जाणार, झालं. आणि मी, इथेच, चार गिऱ्हाइकांसमोर म्हणालो — जा, तुझ्या असल्या पायाला जोडा कोण करून देतो बघतो, चार पावलं लंगडशील आणि येशील परत. तिने जोडे काढले, ह्या इथे ठेवले आणि अनवाणी गेली. तिची आई म्हणायची, तुमच्या तोंडात जीभ नाही, दाभण आहे. ती वारली तेव्हा पोरीला कळवायलाही पत्ता नव्हता. चूक माझी आहे, तुम्ही मान हलवायची गरज नाही.

तर दुकान त्यासाठी. ज्याला जोडा चावतो तो दुसरा शोधत राहतोच, आणि आता सगळे फोनवरच शोधतात — तीही शोधेल. माझं नाव नको, फोटो नको. शिवण ओळखली तर ओळखली, नाही तर परक्याचे समजून घालेल, पण घालेल तरी.

आणि तुम्ही काय सांगताय — स्वतःची वेबसाइट घ्या, मापं हवी तशी टाका, वर प्रत्येक गिऱ्हाइकाचं नाव-पत्ता तुमच्या हातात. अहो, तेच नकोय मला. पत्ता हाती आला की मी दुसऱ्या दिवशी तिच्या दारात. दारात गेलो की तोंड उघडणार. सात वर्षं माफी घोकतोय, आणि तिथे गेल्यावर काय निघेल तोंडातून, तेही मला ठाऊक आहे — बघ, माझ्याच जोड्यात आलीस ना शेवटी. मग हेही काढून ठेवेल ती.

घेतो तुमची वेबसाइट. पण ऑर्डर तुमच्या ऑफिसात येऊ द्या, पार्सलवर पत्ता तुम्हीच लिहा. मला फक्त माप कळवायचं. आणि हे करारात लिहा — मी मागितला, शिव्या घातल्या, तुमच्या पाया पडलो, तरी पत्ता मला द्यायचा नाही. लिहिलंत? दाखवा. हं. निघा आता, मला काम आहे.