मंगलीबाईंनी बेलटोल्याच्या मंडळीला गायला लावलं

आजच्या समारंभाचे अध्यक्ष, आपल्या बेलटोल्याच्या मंडळीचे पाळक रेव्हरंड अश्विन लोणारे; ऊर्जानगरहून मुद्दाम आलेल्या प्रमुख पाहुण्या साक्षीताई; व्यासपीठावरचे मान्यवर पंच; ज्यांना निरोप द्यायला आपण जमलो त्या आदरणीय मंगलीबाई; आणि धानाची कापणी बाजूला ठेवून आलेल्या माझ्या बंधुभगिनींनो, प्रभूच्या नावाने सर्वांना सलाम. शेजारच्या वस्त्यांतून आलेल्यांना जयभीम, जय सेवा, नमस्कार.

मी दिव्यानी, मंडळीची चिटणीस. गुणवंतरावांची नात म्हटलं की जुन्या माणसांना लगेच ओळख पटते.

पाळकसाहेब म्हणाले, मंडळीचा इतिहास सांग. इतिहास म्हटला की आपण इमारतीपासून सुरू करतो. पण ही इमारत नव्हती तेव्हाही मंडळी होतीच ना? नर्स कमळाबाई बैलबंडीतून गावोगाव बाळंतपणं करत फिरायच्या. त्यांचे यजमान शांतवन पाळक सोबत असायचे. कुणाच्या ओसरीवर, कुणाच्या मांडवात प्रार्थना व्हायची. काही घरांनी ख्रिस्ती विश्वास स्वीकारला. माझे आजोबा त्यांत पहिले. त्यापायी त्यांनी भावकीचा अबोला सोसला. म्हणून ते मंडळीला फार जपायचे. आणि जपणारा माणूस जरा कडक होतो, हे तुम्हाला ठाऊकच आहे.

मंगलीबाई तेव्हा वडशाच्या एका झाडीपट्टी नाटक कंपनीत गायच्या. एका हंगामात आपल्याच गावी प्रयोग असताना त्यांना हिवतापानं गाठलं. कंपनी पुढच्या गावाला निघून गेली. कमळाबाईंनी त्यांना स्वतःच्या घरी आणलं, बऱ्या होईस्तोवर सांभाळलं. पण बऱ्या झाल्यावरही त्या परत गेल्या नाहीत. का? त्यांच्याच तोंडून ऐका: "कंपनीनं मले टाकून देलं, अन् ह्या बाईनं माह्या अंगाखालचं धुतलं. हिचा देव कोन आहे, थे पाहाले थांबली मी."

तोवर पत्र्याचं चर्च उभं राहिलं होतं; तिथं गीतं परदेशी चालींची. पुस्तक हातात, आणि ओठ नुसते हलायचे. हसू नका, तुमच्यातले काही जण होते तिथं! एका रविवारी मागच्या ओळीतून मंगलीबाईंनी तेच गीत आपल्या झाडीपट्टीच्या नाटकातल्या चालीवर उचललं. माणसं माना वळवून पाहू लागली. आजोबा उठून उभे राहिले.

"बाई, हे थेटर नाई."

"गुणवंतभाऊ, देवानं मले दोन गळे नाई देले. जो थेटरात होता, थोच घेऊन आली."

आजोबा म्हणाले, ही गाणार असेल तर आमची घरं येणार नाहीत. शांतवन पाळक मधे पडणार, तोच मंगलीबाई म्हणाल्या, "माह्यामुळं मंडळी फुटू नोको. मी नाई गात."

आणि तरी त्या येत राहिल्या. दर रविवारी. गप्प. गाणाऱ्या बाईनं गप्प बसून प्रार्थना करायची, याहून कडक उपास कोणता?

त्या उन्हाळ्यात माझी आजी अंजनाबाई वारली. अबोला धरलेली भावकी आली, लहानूभाऊंसारखे बौद्ध शेजारी आले. कबरेजवळ गीत सुरू झालं आणि पहिल्याच कडव्यात विरून गेलं. कुणाला चाल जमेना, कुणाला रडू आवरेना. तेव्हा आजोबा मंगलीबाईंकडे वळले.

"मंगली, तू म्हन ना. अंजनाले आवडत होतं तुझं."

म्हणजे आजीला आवडायचं, आणि आजोबांना ते माहीत होतं!

मंगलीबाईंनी गीत घेतलं. धृपद दुसऱ्यांदा आलं तेव्हा भावकी म्हणत होती, शेजारी म्हणत होते. माझी आई सांगते, आमच्या दुःखात सगळं गाव त्या दिवशी पहिल्यांदा आत आलं.

आजोबांनी माफी मागितली का? नाही, तो त्यांचा स्वभाव नव्हता. पण पुढच्या रविवारी त्यांनी सगळ्यांसमोर नावानं हाक मारून मंगलीबाईंना पुढं बसवलं. लहानूभाऊंनी आपली पेटी आणून दिली. त्या नाताळात येशूजन्माचं नाटक झाडीपट्टीच्या थाटात उभं राहिलं, आणि पाहुण्यांचं स्वागत करायला फाटकावर कोण? गुणवंतराव! आज मंगलीबाईंनी शिकवलेल्या मुली आलापल्लीपासून ऊर्जानगरपर्यंत उपासनेत गातात. साक्षीताई त्यांतल्याच एक. आपली प्रार्थना आपल्या बोलीत, आपल्या चालीत होते, याचा मला फार अभिमान आहे.

आता गुडघे साथ देत नाहीत, म्हणून बाई ऊर्जानगरला भाचीकडे, रिनाताईंकडे राहायला निघाल्या आहेत. परवा मी विचारलं, "बाई, तुमच्याबद्दल काय सांगू?" म्हणाल्या, "मले मोठी नोको करू. लोकं आता तोंड उघडून गातेत, थे सांग."

ते सांगितलं. अध्यक्षांचे, पाहुण्यांचे, मांडव घालणाऱ्या अजयभाऊंचे आणि सकाळपासून चुलीपाशी राबणाऱ्या बायांचे मनापासून आभार. बोलण्याच्या भरात कुणाचा मान राहून गेला असेल, किंवा आजोबांविषयी जीभ जरा सैल सुटली असेल, तर घरची लेक म्हणून पोटात घाला.

बाई, तुम्ही उठू नका. शाल नंतर. आज आम्ही गातो, तुम्ही बसून ऐका. मंडळी, उभे राहू या.