संकष्टीचा चंद्र आणि भाऊजींची डिस्क

आमच्या वसंतभाऊजींची बेळगावची नोकरी संकष्टीनं वाचवली म्हटलं तर हसाल. ऑफिसात नव्यानं आलेल्या कॉम्प्युटरला डिस्क वाचायला लावणारा प्रोग्राम ते लिहीत होते, पण मशीन मध्येच गप्प बसायचं. सोमवारपर्यंत चाललं नाही तर परत निपाणीत तंबाखूच्या वखारीत.

आरती आटपून मी गच्चीवर चंद्राची वाट बघत होते, भाऊजी शेजारी डोकं धरून. शेजारच्या आक्का म्हणाल्या, "कवाच उगवलाय गं. तू आरतीत होतीस, आता ढगात गेला."

भाऊजी ताडकन उठले. "वहिनी, माझंबी हेच. डिस्कची 'वाचून झालं' ही खूण आधीच येऊन जाते, आणि प्रोग्राम मागनं वाट बघत बसतोय. थांबायच्या आधी बघायला पायजे, खूण येऊन गेली का."

सोमवारी पेढे घेऊन आले. "चाललं, वहिनी. चूक आक्कांमुळं सापडली म्हटलं, तर साहेब विचारतात, कुठल्या कंपनीत असतात?"