बाबांचा आवाज कुणाकडे ठेवायचा?

(अलेक्झांड्रिया. निवृत्त बंदर-अधिकारी हिल्मी आणि त्याची बायको इनायत यांच्या घरची बैठक. दुकानातून दुरुस्त होऊन आलेला संगणक टेबलावर आहे.)

इनायत : म्हणजे दुसरी प्रत काढली होतीस तू?

हिल्मी : काढली होती. मी काय इतका बावळट वाटतो तुला?

इनायत : मग ती वापर की!

हिल्मी : तीही गेली.

इनायत : ठेवली कुठे होतीस?

हिल्मी : डिस्कवर. पण वेगळ्या फोल्डरमध्ये. फोल्डरला नावसुद्धा दिलं होतं, ‘अतिसुरक्षित’.

इनायत : त्याच डिस्कवर?

हिल्मी : वेगळ्या फोल्डरमध्ये म्हणतोय ना!

इनायत : हिल्मी, जन्मभर बंदरात जहाजं आणलीस तू. होडी बुडायला लागल्यावर तिच्याच दुसऱ्या टोकाला जाऊन बसणाऱ्या खलाशाला काय म्हणायचास?

हिल्मी : तोंडात येईल ते म्हणायचो.

इनायत : मग आता आरशासमोर उभा राहा आणि म्हण.

हिल्मी : पण डिस्कनं जरा आधी कळवायचं तरी! अशी एकाएकी मान टाकतात का?

इनायत : आठवडाभर करकरत होती बिचारी. तू म्हणालास उंदीर आहे. चांगल्यातलं पनीर लावून टेबलाखाली सापळा ठेवलास.

हिल्मी : आवाज अगदी तसाच येत होता. आणि शेवटी दुकानातल्या माणसानं काढून दिलंच की नव्या डिस्कवर.

इनायत : सगळं?

हिल्मी : मूळ रेकॉर्डिंगं मिळाली. मी साफ केलेली गेली. चार वर्षांचं काम, इनायत! कुलरची घरघर काढली. शेजारच्या खोलीतलं भांडण काढलं. बाबांचा आवाज कसा, घासलेल्या पितळेसारखा लखलखीत केला होता.

इनायत : मूळ तरी मिळालं, अल्हमदुलिल्लाह म्हण. बायकोला वाचता येत नाही म्हणून जो माणूस कुवेतहून पत्रांऐवजी कॅसेटी पाठवायचा, त्याचा आवाज तू एका डबड्यात कोंडलास. आणि कॅसेटी दिल्यास भंगारवाल्याला.

हिल्मी : तूच म्हणालीस बुरशी आलीय.

इनायत : उन्हात ठेव म्हणाले होते! ते जाऊ दे. आता आज याचा निकाल लागल्याशिवाय मी जेवायला वाढणार नाही. एक प्रत इंटरनेटवर ठेव. कंपन्या असतात त्याच्या. सगळं आपोआप होतं.

हिल्मी : ठेवतात कुठे त्या कंपन्या?

इनायत : त्यांच्या यंत्रांवर. असतील कुठल्यातरी देशात.

हिल्मी : बाबा आईला त्यात काय काय म्हणतात, ठाऊक आहे ना तुला? ते कुणा परदेशी पोरानं कानाला लावून ऐकायचं?

इनायत : त्या पोराला आपल्या बहरी भागातली बोली कळली, तर त्याला घरी जेवायला बोलाव. अरे, कुलूप घालता येतं त्याला. पासवर्ड तुझा तू ठरवायचा.

हिल्मी : आणि मीच विसरायचा.

इनायत : हे मात्र खरं. बरं, पासवर्ड मी लक्षात ठेवते.

हिल्मी : आणि आपलं इंटरनेट? महिन्याचा कोटा तुझ्या मालिका अर्ध्यातच फस्त करतात. वर चढेपर्यंत बाबा कुवेतहून चालत आले असते.

इनायत : चढू दे सावकाश. मालिका कमी करते.

हिल्मी : खरंच?

इनायत : रमजान सोडून.

हिल्मी : त्यापेक्षा मी एक बाहेरची डिस्क आणतो. संगणकाच्या वरच्या फळीवर ठेवतो. हाताशी असली म्हणजे झालं.

इनायत : त्या फळीच्या वर काय आहे?

हिल्मी : छत.

इनायत : छताच्या वर?

हिल्मी : मादाम नेव्हीनचं न्हाणीघर.

इनायत : जे वर्षातून दोनदा आपल्या घरात उतरतं. पाणी आलं तर दोन्ही भिजतील, चोर आला तर दोन्ही नेईल. एक डिस्क घरात चालेल, पण एक घराबाहेरच हवी. दुसऱ्या गावात असली तर आणखी चांगलं.

हिल्मी : तुझ्या भावाकडे ठेवू.

इनायत : शाकिरकडे? महिन्याभरात बाबांना पुसून फुटबॉलचे सामने भरेल तो. माझा भाऊ आहे, म्हणून मला माहीत. मला दुसरं एक घर दिसतंय. तिथे समुद्राची खारी हवा नाही. वर कुणाचं न्हाणीघर नाही. आणि घरातली बाई टाचणीसुद्धा हरवत नाही.

हिल्मी : नाही.

इनायत : मी नाव घेतलं नाही अजून.

हिल्मी : तांता गावाला, साफीनाझकडे. नाही म्हणजे नाही. ईदच्या दिवशी माझी बहीण भरल्या ताटावरून उठून गेली, सगळ्यांसमोर.

इनायत : का उठली? ‘बाबांचा आवाज ऐकव’ म्हणाली. तू म्हणालास, अजून तयार नाही. त्याच्या आधीच्या ईदलाही हेच, आणि त्याच्याही आधीच्या.

हिल्मी : नव्हतंच तयार! अर्धंमुर्धं कसं द्यायचं?

इनायत : तेव्हाच तिला दिलं असतंस, तर आज दुकानदाराची दाढी धरायची वेळ आली नसती.

हिल्मी : मग हे तुला तेव्हा नाही सुचलं?

इनायत : सुचलं होतं, बोललेही होते. तू कानांवर ते हेडफोन चढवून बसला होतास. थांब, तिला फोन लावते.

हिल्मी : आत्ता? मी घरी नाही म्हण! मासे आणायला गेलोय म्हण!

इनायत : वाजतोय. स्पीकरवर टाकलाय.

साफीनाझ : इनायत, हबीबती! कशी आहेस? आणि तो कसा आहे?

इनायत : इथेच बसलाय. ऐकतोय.

साफीनाझ : मग त्याला सांग, मी त्याच्याशी बोलत नाही.

हिल्मी : तिलाही सांग, मी कुठे बोलतोय?

इनायत : झालं, दोघांचं दोघांनी ऐकलं. साफीनाझ, याच्या संगणकातली डिस्क मेली.

साफीनाझ : या रब्बी! बाबा?

इनायत : वाचले.

साफीनाझ : मग ते आधी सांगायचं ना गं! मला घाम फुटला इथे.

हिल्मी : वाचले म्हणजे काय, कच्चं तेवढं वाचलं. मी साफ केलेलं सगळं बुडालं. आता नुसती खरखर, घरघर आणि दर दोन वाक्यांनी खोकला.

साफीनाझ : थांब. बाबांचा खोकला तू काढून टाकला होतास?

हिल्मी : सगळा. एकेक वेचून.

साफीनाझ : अरे गाढवा!

इनायत : बघ, बोलायला लागली.

साफीनाझ : अरे, खोकल्याशिवाय बाबा म्हणजे रेडिओवरचा कुणी बातम्या देणारा! बाबा आधी खोकायचे आणि मग खोटं बोलायचे. ‘खोली हवेशीर आहे.’ खोकला. ‘मालक चांगला आहे.’ खोकला. ‘मी रोज मांस खातो.’ त्याच्या आधी तर केवढी उबळ.

हिल्मी : हे मला कधी कळलंच नाही.

साफीनाझ : आईला कळायचं. टेपमधून खोकला आला, की ती काहीतरी निमित्त काढून स्वयंपाकघरात जायची. तू तेव्हा बटणं दाबण्यात गुंग असायचास.

इनायत : म्हणजे डिस्कनं उपकारच केले म्हणायचे.

हिल्मी : तू त्या डिस्कची बाजू घेऊ नकोस. ऐक, साफीनाझ. मी दोन नव्या डिस्का घेतो. दोन्हींवर सगळं कच्चंच भरतो. एक इथे राहील. दुसरी... तुझ्याकडे जागा आहे का?

साफीनाझ : चांदीच्या चमच्यांच्या खणात ठेवीन. पण माझी अट आहे. नुसती सांभाळणार नाही, ऐकणार.

हिल्मी : ऐकायलाच हवी. अधूनमधून उघडून बघितल्याशिवाय प्रत जिवंत आहे की मेली, कसं कळणार? आणि मी इथे नातवंडांचे फोटो वगैरे घालत असतो, ते तुझ्या डिस्कवर यायला हवेत. म्हणजे दर थोड्या दिवसांनी इथली तिकडे, तिकडची इकडे. मी पोस्टानं...

इनायत : पोस्टानं नाही.

साफीनाझ : पोस्टानं बिलकूल नाही. हातात घेऊन यायची. आणि आलास की जेवून जायचं.

हिल्मी : येईन. गाडीला गर्दी नसली तर.

इनायत : गर्दी असली तरी येईल. आणि इंटरनेटवरची प्रत मी आजपासून चढवायला घेते.

साफीनाझ : हिल्मी, ते कॅसेट वाजवायचं यंत्र आहे का रे अजून? की तेही दिलंस भंगारात?

हिल्मी : आहे. चालू आहे. का?

साफीनाझ : माझ्याकडे एक कॅसेट आहे. बाबांची.

हिल्मी : काय? मी इथे एकेक सुटी कॅसेट जुळवून क्रम लावत बसलो, आणि तू...

साफीनाझ : तू ऐकवत नव्हतास, म्हणून मी दाखवत नव्हते.

इनायत : वा! एकाच आईची लेकरं शोभता दोघं.

हिल्मी : कधीची आहे?

साफीनाझ : माझ्या साखरपुड्याला ते येऊ शकले नाहीत, तेव्हा पाठवली होती. वर माझ्या एकटीचं नाव घातलंय.

हिल्मी : काय म्हणतात तीत?

साफीनाझ : मला माहीत नाही.

हिल्मी : म्हणजे?

साफीनाझ : तेव्हा मी रागावले होते, म्हणून लावली नाही. बाबा आले का नाहीत, म्हणून. पुढे ते परत आले, पण तेव्हा विचारायची लाज वाटली. मग ते गेलेच. त्यानंतर धीर झाला नाही.

हिल्मी : शुक्रवारी यंत्र घेऊन येतो.

साफीनाझ : सकाळी ये.

हिल्मी : सकाळी येतो. लावून देतो आणि मी खाली कहव्याच्या दुकानात जाऊन बसतो. तुझ्या नावाची आहे ती. तू निवांत ऐक.

साफीनाझ : नको रे. तू माझ्या शेजारीच बस.