यादीतली सदतिसावी

हॉस्पिटलच्या बिलाचं तिसरं रिमाइंडर पर्समध्ये कोंबून वरदा लंडनमधल्या क्रॉयडनच्या ट्राममध्ये बसली. समोरच्या सीटवर दोघी मराठीत बोलत होत्या.

"आपल्या ग्रुपवर त्या वरदाचं पैशांच्या मदतीचं अपील आलेलं बघ. आई चार दिवस राहायला आली आणि इथे अ‍ॅडमिट झाली."

"व्हिजिटरला बिल लागतंच गं. तू नाव टाकलंस?"

"म्हणजे काय. यादीत सदतिसावी मी."

"मी अडतिसावी. तुझीच यादी कॉपी केली, खाली माझं नाव लिहिलं आणि पोस्ट केली."

"आणि पैसे?"

"खरं सांगू? एवढी नावं बघून वाटलं, तिचं भागलं असेल."

"मलाही तसंच वाटलं."

"पण मुलगी गुणी हं. प्रत्येकीला नाव घालून वेगळा थँक्यू पाठवला."

"हो ना. मी लगेच हात जोडलेला इमोजी टाकला."

"आई कशी आहे तिची?"

"नाही विचारलं. उगाच पुन्हा विषय निघायचा."

वरदाचा स्टॉप आला.

"जरा पाय आत घेता का?" ती उठत म्हणाली.

"अय्या, मराठी तुम्ही? आमच्या ग्रुपमध्ये या की. अडीअडचणीला धावून येतात सगळे. नंबर सांगा, अ‍ॅड करते."

सदतिसावीनं फोन काढला. वरदानं एकेक आकडा सावकाश सांगितला. शेवटच्या आकड्याला जुनं चॅट उघडलं. वरदाचा थँक्यू आणि त्याखाली जोडलेले हात.

"आई घरी आली," वरदा म्हणाली. "आत्ता विचारत होतात ना, म्हणून सांगितलं."