डिपेंडच्या पुढची दोन अक्षरं

...आणि वर मलाच नमस्कार! गुडघे टेकून, कपाळ जमिनीला लावून, तीनदा! अहो, जिचं वाटोळं मी केलं तिने माझ्याच पाया पडावं? आणि कशापायी? दोन अक्षरं हो, फक्त दोन अक्षरं!

तुम्हाला सांगतो, सहा वर्षं लीड्सला शिकलो आणि डोक्यात एकच खूळ घेऊन ब्रह्मदेशात, आमच्या मोलम्याईनला परतलो... आपल्या मुलींना गुरुजींची चूक तोंडावर सांगायला शिकवायचं! वर्गात चाळीस नर्सबाया, इंग्रजीचा पेपर सुटला की थेट सिंगापूरचं हॉस्पिटल. मी मुद्दाम फळ्यावर लिहिलं, 'डिपेंड इन'. म्हटलं, आता कोणीतरी ओरडेल, "सया, चुकलं!" आमच्याकडे गुरुजींना सयाच म्हणतात. तर ओरडल्या ना! चाळीसजणी, छातीशी हात बांधून, एका सुरात... "डिपेंड इन!"

मीही हट्टी. कोणी बोलेपर्यंत पुसणार नाही! सोमवार गेला, बुधवार गेला, शुक्रवार उजाडला, उद्या पेपर! शेवटी मीच बोंबललो, "अगं बायांनो, चूक आहे ते! 'ऑन' हवं, 'ऑन'!" तर एकमेकींकडे बघून हसल्या. मागून कुजबुज... "सया किती साधे गं! चूक आपलीच, पण आपल्याला कमीपणा वाटू नये म्हणून स्वतःवर घेतात!"

दोन अक्षरं हो! पेपरात नेमकं 'डिपेंड'च आलं. निकाल लागला. मा सान्डी एका गुणाने नापास. वय पस्तीस, पुढच्या वर्षी अर्जच घेणार नाहीत. संपलं! आणि तीच आली मला भेटायला, मुरवलेल्या चहाच्या पानांचा डबा घेऊन.

"सान्डी, तुला 'ऑन' माहीत नव्हतं?"

"होतं की, सया. शाळेपासून."

"मग?"

"सया चुकले, असं उत्तरपत्रिकेत लिहू? माझ्या हाताने?"

मी माफी मागितली, तर ती रडायलाच लागली! "सयांना माफी मागायला लावली मी... कुठे फेडू हे पाप?" म्हणून तो नमस्कार. तीनदा.

दुसऱ्या दिवशी नवी तुकडी. मी टेबलावर मूठ आपटली, "माझ्या एकाही शब्दावर डोळे मिटून विश्वास ठेवायचा नाही! कळलं?"

"कळलं, सया!" एका सुरात.

...आणि माना खाली घालून सगळ्यांनी ते वाक्य वहीत उतरवून घेतलं. पाठ करायला.